इद्दतीतले एक वाक्य

मी, मेहरुन इम्तियाज तांबोळी, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मन ठिकाणावर असल्याचा दाखला कोणी देत नाही.

१. फ्लॅट आणि ठेवी शरियतप्रमाणे माझी एकुलती मुलगी रुमाना आणि भाऊ आमीर यांच्याकडे जातील. त्यात मी ढवळाढवळ करत नाही.

२. माझ्या ‘उंबऱ्याआत’ या कादंबरीचे हक्क माझ्या जुन्या शाळेच्या वाचनालयाला द्यावेत. अट एकच, तिच्यावर पुन्हा कोणालाही सिनेमा काढू देऊ नये. कादंबरीतली बाई नवरा वारल्यावर इद्दतीत, म्हणजे चार महिने दहा दिवस, घरात बसून विचार करते. बाकी काहीच घडत नाही. माझे पती अनेक वर्षे अंथरुणाला खिळून होते, आणि ते वारल्यावर मीही तशीच बसले होते. विचारांचा सिनेमा होणे शक्य नाही, अशा समजुतीने मी खुशाल सही करून दिली.

३. दिग्दर्शक आमोद यांना मी काहीही ठेवत नाही. "मॅडम, प्रेक्षकाला मन दिसत नाही हो," असे ते म्हणाले होते, तेही माझ्या पाया पडून. पुस्तकात तिच्या मनात एकदाच येते, ‘सुटले.’ पुढची कितीतरी पाने ती त्यासाठी स्वतःला खात राहते. नवऱ्याचा खोकला आता ऐकू येत नाही म्हणून तिला झोप लागत नाही. आमोद यांनी ‘सुटले’ तिच्या तोंडी घातले, सासूसमोर, आणि पुढचे सगळे कापले. थिएटरात टाळ्या पडल्या. रुमाना माझ्या शेजारी बसली होती.

रिक्षात तिने विचारले, "अम्मी, अब्बा गेले तेव्हा तुला असं वाटलं?"

"ती सिनेमातली बाई आहे, बेटा."

"इद्दतीत तर तूच बसली होतीस."

ती स्वारगेटला उतरली, ती पुन्हा घरी आली नाही. कादंबरी घरात कोणी वाचली नव्हती. सिनेमा सगळ्यांनी पाहिला.

४. कादंबरीची माझी स्वतःची प्रत रुमानाला द्यावी. एका वारसाला वेगळे काही द्यायचे तर शरियतप्रमाणे दुसऱ्याची संमती लागते; आमीरची याला संमती आहे. ती वाचेल अशी आशा मी सोडली आहे, आणि आशा सोडल्यावर बरे वाटते म्हणतात तेही खोटे आहे.

५. माझे गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, रुमानाच्या हातून व्हावे. ती न आल्यास शेजारच्या बायकांनी आटपून घ्यावे, मला ताटकळत ठेवू नये.

६. मी गेल्यावर काय वाटले, हे रुमानाला कोणीही विचारू नये. तिच्या मनात ‘सुटले’ आले तर येऊ द्यावे. त्याच्या पुढचे मला माहीत आहे.

सही: मेहरुन इम्तियाज तांबोळी

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. सुनीती गोखले, शेजारी
२. योगेश शिंदे, निवृत्त शिक्षक

पुणे, १४ नोव्हेंबर २०२५