गळतं छत

प्रिय वगीदा,

कुवेतहून तुला आणि अलेक्झांड्रियातल्या आपल्या घराला सलाम. मी मजेत आहे, पोटभर जेवतो.

मकनसा वादळ येण्याआधीच शेजारच्या मितवल्लीने दारात विटांचा बांध घातला, फ्रिज उंचावर चढवला, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण "मितवल्ली नसता तर बुडालोच असतो" हे किती वेळा लिहिशील? आणि वादळाच्या दिवशीची मसुराची आमटी त्याला वाटीभर दिलीस की पातेलंभर? वर लिंबूही पिळलंस?

आईचा खोकला कसा आहे?

पलंगावर माझ्या बाजूला छत गळतं म्हणतेस. मितवल्लीला तिथे हात लावू देऊ नकोस. बादली ठेव. ते मीच येऊन बुजवीन.

तुझा नवरा, आठवत असेल तर,
शाबान