सैल ठेवलेला नट

सोलापूर,
२० जानेवारी २०२५

ती. आक्कास,
धाकट्या हिंदुरावाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्रच बरं. गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे अजून फिरताहेत. गच्चीवरून त्यांचे दिवे दिसले की आपण दोघं पाळण्यात बसून चौथीच्या कविता मोठमोठ्याने म्हणायचो ते आठवतं. भीती वाटली की तू चाल चुकायचीस.

आता खरं लिहितो. पोराचा, आपल्या अभिमन्यूचा, उजवा हात जातो आहे. परवा चहाचा कप बोटांतून सुटला. डॉक्टर म्हणाले, मानेपासूनची नस सुकत चालली आहे. वाढेल, थांबवता येणार नाही. हातावरच ज्याचं गॅरेज चालतं त्याला हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. अभि मात्र एकच विचारत होता, सोळा फेब्रुवारीपर्यंत तग धरेल का. त्या दिवशी तुळजापूर रस्त्याकडच्या माळावर हौशी लोकांच्या मोटारींची शर्यत आहे. जुनी भंगारातली गाडी त्याने वर्षानुवर्षं संध्याकाळी खपून या शर्यतीसाठी उभी केली. एकदा तरी ती आपण पळवायची, एवढंच त्याचं म्हणणं.

काल अंगणातल्या शेडमध्ये गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली आणि त्याने पुढचे नवे शॉकअप बसवले. मी बॅटरी धरून होतो. तो गॅरेजला गेल्यावर मी सहज खालच्या नटाला बोट लावलं, तर तो फिरला! दोन्ही बाजूंचे तसेच. घरातला नळसुद्धा हल्ली तो सैल सोडतो, मी मागून जाऊन बंद करतो. मी पाना घेतला आणि होता नव्हता तो जोर लावून नट आवळले. त्याला सांगितलेलं नाही. हात अजून शाबूत आहे असं त्याला वाटू दे.

तुझ्या मायेची सवय आहेच. हल्ली ती थोडी जास्त लागते.

तुझा,
हिंदुराव


केम,
२५ जानेवारी २०२५

चि. हिंदुरावास,
कस्तुराआक्काचा आशीर्वाद, आन् कान धरते असं समज.

पत्र वाचून जेवान गेलं न्हाय. माझ्या लेकराच्या हाताला कुनाची दिष्ट लागली रं? लहानपनी हितं आला की ईरीवरची मोटार खोलून बसायचा आन् मामंजी काठी घेऊन मागं. पुन्ना जोडून बी द्यायचा, एक बी भाग शिल्लक न्हाय राह्यचा.

आन् चाल मी चुकत न्हवते, तूच घाबरून माझा पदर वडत हुतास.

पर तू केलंस ते मला पटलं न्हाय. नट सैल का, ते त्याला इचारलंस का? न्हाय. गुपचूप मागनं जाऊन आवळलंस. त्याचं काम हाय, त्यो बघंल की. उद्या त्याला कळलं तर हातापरीस जास्त दुखंल. आमचा बिरुदेव म्हनतो, मामा कवितेत ऱ्हातो, त्याला पाना कुनी दिला.

अभीला म्हनावं आत्या रोज नाव काढती. शर्यत झाली की घिऊन ये. हुरडा हाय तवर या.

उत्तर लगेच धाड, मी दारात बसून असते.

कस्तुराआक्का


सोलापूर,
५ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सा. न.

तुझं खरं झालं, आणि तुझ्या भीतीपेक्षा वाईट झालं.

रविवारी गाडी खाली उतरवून, नवे भाग बसते व्हावेत म्हणून तो ती माळावर हळू फिरवून आणायला गेला. परत आला तेव्हा पुढून खडखड आवाज. गाडीखाली शिरला आणि बाहेर आला तो हातात शॉकअपच्या टोकाचा फाटलेला रबरी बुश घेऊन. हे नट कोणी आवळले, म्हणून त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग त्याने मला समजावून सांगितलं, गॅरेजात नव्या पोराला सांगावं तसं. गाडी वर टांगलेली असते तेव्हा चाकं खाली लोंबतात. त्या वेळी नट आवळला तर आतलं रबर त्याच जागी धरून बसतं, आणि गाडी जमिनीवर आली की ओल्या धुण्यासारखं पिळलं जातं. म्हणून नट नुसते हाताने लावून सोडायचे, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली, हळू फिरून नीट बसली, की मग आवळायचे. ते सैल राहिले नव्हते, आबा, मी सैल ठेवले होते, असं म्हणाला.

मी कबूल केलं. का आवळले तेही सांगितलं. तो बराच वेळ बुश बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, इतके दिवस वाटायचं की हाताकडे फक्त मीच असा बघतो. आता घरभर सगळे बघताहेत. जेवला नाही. सूनबाई माझ्याशी कामापुरतंच बोलते.

नवे बुश आणून त्याने स्वतः घातले आहेत. शर्यतीच्या आदल्या दिवशी, गाडी खाली उभी करून, नटही स्वतःच आवळणार. मी शेडकडे फिरकायचं नाही असं मनाशी ठरवलंय. खिडकीतून लिंबाची पानं गळताना बघतो. एके काळी अशा पानगळीवर मी वर्गात तासभर बोलायचो. आता एक शब्द सुचत नाही.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.

हिंदुराव


केम,
१० फेब्रुवारी २०२५

चि. हिंदुरावास,
आशीर्वाद.

रागवून काय करू? बाप हायस, दुसरं काय करनार हुतास. मी असते तर मी बी आवळला असता, वर दोन शिव्या दिल्या असत्या.

पर आता एक आईक. त्यो काय बी इचारंल तर खरं बोल. गोड लागंल म्हनून बोलू नगंस. त्याचं शरीर त्याला रोज खोटं बोलतंय, घरात तरी एक मानूस खरं बोलनारा असू दे.

तब्येत संबाळ. माझं ध्यान तिकडंच हाय.

कस्तुराआक्का


सोलापूर,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
नमस्कार.

शनिवारी दुपारी अभिने मला शेडमधून हाक मारली. गाडी चारी चाकांवर उभी होती. ठरलेला जोर पोचला की कट्ट वाजतो असा एक लांब पाना असतो, तो त्याने नटाला लावला होता. मला म्हणाला, इथे बसा, नुसतं ऐका.

त्याने ओढला. वाजला नाही. दोन्ही हातांनी ओढला, पाय चाकाला टेकवून ओढला. कपाळावरची शीर फुगली, पाना निसटला आणि पोर कोपरावर पडलं. मी उठलो नाही, आक्का. कसा बसून राहिलो मला माहीत नाही.

मग त्याने माझा हात दांड्यावर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि दोघांनी मिळून ओढायचं म्हणाला. कट्ट वाजलं. माझ्या तोंडाकडे बघत त्याने विचारलं, यात माझा जोर किती होता.

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. मी सांगितलं, काहीच नव्हता. तुझ्या तळव्याची ऊब लागली, भार लागला नाही.

त्याने मान हलवली. पलीकडचा नट मला एकट्याला आवळायला लावला. मी वाकडा उभा राहिलो तर खांदा धरून सरळ केलं. मग हात पुसून शर्यतवाल्यांना फोन केला आणि नाव काढून घ्या म्हणून सांगितलं. वळणावर स्टेअरिंग सुटलं तर कडेला लोक उभे असतात, एवढंच सूनबाईला म्हणाला. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

काल शर्यत झाली. आम्ही कोणी तिचं नाव काढलं नाही. गाडी शेडमध्ये आहे, पुढून अगदी नीट बसली आहे.

आज सकाळी मी वर्तमानपत्र वाचत होतो. अभि येऊन समोर उभा राहिला, शर्ट उघडा. नुसती हनुवटी वर केली, शाळेत जाताना करायचा तशी. मी चष्मा काढून ठेवला आणि त्याची बटणं लावली.

या वेळी काही मागत नाही. तू आहेस, तेवढं पुरे.

तुझा धाकटा,
हिंदुराव