विभागप्रमुखांच्या कोपराएवढा काउंटर

दि. ३ जून

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तू आखलेली नवी रक्त तपासायची लॅब उघडली, फीत कापली, तुझा फोटोही छापून आला. आता आम्हा पाचजणींचं ऐक, कारण दिवसभर तिथे राबतो आम्ही. काउंटर इतका उंच की मायक्रोस्कोपला डोळा लावायचा तर चवड्यांवर उभं राहायचं. उंच स्टूल घेतलं तर गुडघे खालच्या कपाटांवर आपटतात. बेसिन पार दुसऱ्या टोकाला, का तर म्हणे दारातून दिसू नये. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय!

माझा खांदा धरलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर महिन्याभरात काम सोडावं लागेल. बावीस वर्षांचं काम आहे रे माझं.

लोभ वाढव, काउंटर मात्र खाली आण.

ताई

दि. ११ जून

ती. ताईस सा. न.

पत्र पोचलं, टोमणेही पोचले. मी डोळे झाकून काम करत नाही. खुद्द विभागप्रमुखांना उभं करून, त्यांच्या कोपराला टेप लावून उंची ठरवली आहे. तुला घरातलं कपाट हलवलेलंही खपत नाही, ही तर अख्खी लॅब. होईल सवय. खांदा शेकत जा.

राग गिळून लोभ ठेवावास.

बारक्या

दि. १६ जून

चि. बारक्यास आ.

धन्य आहे तुझी! विभागप्रमुख सहा फुटांचे, आणि लॅबमध्ये येतात ते सहीपुरते, तेही दारापर्यंतच. आम्हा पाचजणींना विचारावं असं तुला एकदाही वाटलं नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तुझ्यावर किती शब्द खर्चू?

आता एकच कर. आईच्या ओट्यापुढचा लाकडी खोका माळ्यावर असेल, तो पाठव. ओटा बाबांच्या मापाने बांधला होता, आठवतं? बाबांनी तिथे कधी चहासुद्धा केला नाही. आई तीस वर्षं त्या खोक्यावर उभी राहिली आणि शेवटी त्यावरूनच पडली. आता मी उभी राहते.

लोभाचं काय ते तूच बघ.

ताई

दि. २२ जून

ती. ताईस सा. न.

खोका काढला. वरची फळी दोन ठिकाणी झिजली आहे, आईच्या टाचांच्या जागी. मला रडू आलं, ताई.

खोका पाठवत नाही. सोमवारी सुताराला घेऊन येतोय. पाचहीजणींना रोजच्या चपला घालून यायला सांग, प्रत्येकीचं माप मी स्वतः घेईन. बेसिन कुठे हवं तेही तुम्हीच दाखवा. विभागप्रमुखांना कळवलंय की सही दारातूनच करा.

बोल हवं तेवढं, पण काम सोडू नकोस.

तुझा,
बारक्या