थोरलीला मारा

सोमवार, ४ मार्च

आधी सगळ्यांची तब्येत. माझा गुडघा? — कुरकुरतो, पण चालवून घेते. मेहुण्यांचा खोकला? — गेला, म्हणतात; फोनमधून मात्र अजून ऐकू येतो. भाचीचं बाळ? — दुसरा दात आला. आणि धाकटी? — ‘मी ठणठणीत गं ताई. तू भाग बघितलास का ते सांग.’

बघितला की! ‘मिठाची सत्ता’, भाग पाचवा. सगळ्या मुलखाचं मीठ ज्यांच्या कोठारात, अशा एका घराण्याची दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटी त्यात घरातली थोरली झाली आहे. काल तिनं सख्ख्या नातवाला बाहेर काढलं. दार लावताना डोळ्याची पापणी हलली नाही. माझ्याच अंगावर काटा आला — आणि हिला मी लहानपणी झुरळाला घाबरून टेबलावर चढलेली पाहिली आहे!

अकरा वर्षं घरी बसून होती बिचारी. आता सुरुवातीच्या नावांत तिचं नाव तिसरं येतं.

बुधवार, ६ मार्च

आज पत्रांची पोती फुगली. मालिका दाखवणाऱ्या चॅनेलच्या पत्रखोलीत मी बसते. शाळा चौथीपर्यंतच, पुढचं वाचन टपालाच्या छाटणीत तीस वर्षं पत्ते वाचून शिकले. त्यामुळे कसलंही गिचमिड अक्षर मला लागतं, म्हणून निवृत्तीनंतर मला इथं घेतलं. शेजारच्या टेबलावर पडदेवाला. मोबाइलवरच्या प्रतिक्रिया त्याच्या, कागदावरच्या माझ्या. तो मला ‘टपालआजी’ म्हणतो. धाकटी माझी बहीण, हे इथं कुणाला ठाऊक नाही. वशिला नको, म्हणून दोघींनी ठरवलेलं.

पत्रांत एकच सूर. ‘थोरलीला मारा.’ कुणी म्हणतं विहिरीत ढकला, कुणी म्हणतं मिठाच्या कोठारात कोंडा. एका निवृत्त मास्तरांनी तीन पानं लिहून वर म्हटलंय, मी स्वभावानं शांत आहे.

आम्ही हसत होतो, तेवढ्यात साहेब आले. वरचा निरोप आणला. तीन आठवड्यांत ‘मारा’वाली पत्रं शंभरावर गेली, तर चौदाव्या भागात थोरली मरणार. लोकांना हवं ते द्यायचं म्हणे.

मी हातातलं पत्र न वाचताच पाकिटात परत घातलं.

धाकटीला फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे.  तिनं एवढंच विचारलं, ‘म्हणजे शंभर पत्रं पुरतील?’

शुक्रवार, ८ मार्च

आयुष्यात एक पत्र इकडचं तिकडं केलं नव्हतं. आज केलं. ‘मारा’ची एक्केचाळीस आली होती. वीस लिहून दिली. एकवीस पिशवीत, डब्याखाली.

जिन्यावर पहारेकऱ्यानं सहज विचारलं, आजी, पिशवी जड झाली का? म्हटलं, आज डबा मोठा आणलाय.

सोमवार, ११ मार्च

सहावा भाग. थोरलीनं सुनेच्या माहेरची माणसं दारातून परत पाठवली. आता पत्रं येणारच. माझ्या बहिणीला इतकं चांगलं काम करायला कुणी सांगितलं होतं?

शुक्रवार, १५ मार्च

आणखी बावीस लपवली. कपाटात रजईखाली ठेवते. रजई आता सपाट बसत नाही. कुणी दार वाजवलं की आधी कपाट लावून घेते.

या आठवड्यातली पत्रं फार जहरी. तऱ्हेतऱ्हेचे कागद, तऱ्हेतऱ्हेची नावं, पण राग एकाच भट्टीतला. ‘त्या बाईचा शेवट लवकर करा, बघवत नाही.’ वाचून डोळे भरले. कुणाचं काय घोडं मारलं होतं हिनं?

मंगळवार, १९ मार्च

 एका पत्रात लिहिलं होतं, ‘दिराचं मृत्युपत्र चुलीत घालणाऱ्या या बाईला जगायचा अधिकार नाही.’ मला ते दृश्य आठवेना. म्हटलं, डुलकी लागली असेल. पडदेवाल्याला विचारलं.

तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, ‘आजी, ते अजून जळलंच नाही. दहाव्या भागात आहे, मी पुढचे कागद वाचलेत. परवा तर सातवा लागला.’

म्हणजे लिहिणारं माणूस आतलं! ज्यानं चित्रीकरण पाहिलं, असंच कुणीतरी. माझा संशय सुनेचं काम करणाऱ्या बाईवर. थोरली गेली की घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला. ते पत्र घरी आणलं, रजईखालचे गठ्ठेही काढले. जहरी पत्रं निवडली — अठ्ठावीस. अक्षरं वेगवेगळी, पण सगळी कशी डावीकडे कललेली. उजव्या हाताच्या माणसानं डाव्या हातानं लिहावीत तशी.

आता त्या बाईला सोडत नाही.

गुरुवार, २१ मार्च

कसं लिहू?

साहेबांनी आकडा एक दिवस आधीच मागितला. या आठवड्यातली वीस दाबून सकाळी देऊन टाकला. तीन आठवड्यांचे मिळून बहात्तर. शंभराच्या खूप आत. जीव भांड्यात पडला. तशीच दुपारी धाकटीकडे गेले. मेहुणे औषधं आणायला बाहेर पडले होते. मी पिशवीतली अठ्ठावीस पत्रं टेबलावर आपटली. म्हटलं, आकडा बहात्तरच भरला, वाचलीस; पण बघ, तुझ्या मुळावर कोण उठलंय. त्या सुनेचंच काम आहे हे. उद्या साहेबांपुढे उभी करते तिला.

धाकटी कप विसळत होती. पत्रांकडे बघितलंसुद्धा नाही.

‘तिला काही बोलू नकोस. ती बापडी माझी वाक्यं मागून हळूच सांगते मला.’

मला कळेना.

‘ती पत्रं माझी आहेत, ताई.’

मग नळ बंद करून एकेक सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. वाक्यं टिकत नाहीत. सकाळचं दुपारी जातं. मोठ्या अक्षरांच्या पाट्या धरून एक माणूस कॅमेऱ्यामागे उभा असतो, पण आता पाटी वाचेपर्यंत आपण कुठल्या खोलीत आहोत तेच निसटतं. मुलाचं काम करणाऱ्याला तिनं विचारलं, तू कुणाचा रे? त्याला वाटलं, थोरली थट्टा करतेय. सगळे हसले, मग तीही हसली. डॉक्टरांनी नाव सांगितलंय आजाराचं. मेहुण्यांना माहीत आहे. मला सांगायचं धाडस होत नव्हतं.

मी म्हटलं, अगं, सरळ सोड ना काम.

‘का सोडलं, विचारतील. पेपरात येईल. मग थोरली कुणाला आठवणार नाही, लोक माझी कीव तेवढी करतील.’ तिनं हात पदराला पुसले. ‘मला रागात जायचंय, ताई. लोक शिव्या देत असताना. तोवर मी चांगली नटी आहे.’

कुठलं दृश्य लागलं आणि कुठलं नाही, तेही तिला आता धड उमगत नाही. म्हणूनच ते मृत्युपत्र आधी जळलं.

मग तिनं मला विचारलं, ‘तू तर शंभर म्हणाली होतीस. लोक एवढे चिडलेत, वर माझी अठ्ठावीस. कमी कशी पडली गं?’

मी फडकं घेतलं आणि कप पुसत राहिले. तोच कप.  

शुक्रवार, २२ मार्च

साहेब पेढे वाटावेत तशा चेहऱ्यानं आले. बहात्तरच पत्रं! म्हणजे लोकांनी थोरलीला पचवलं. वरच्यांनी ठरवलंय, तिला आणखी चाळीस भाग ठेवायचं. शिवाय पंधराव्या भागात दरबारात एकटीचं भाषण. चार पानांचं. सलग, न तोडता घेणार.

पडदेवाला म्हणाला, आजी, पाणी देऊ का, चेहरा उतरलाय.

चार पानं. आणि ती मला काल कपाट कुठं ते विचारत होती.

शनिवार, २३ मार्च

दुपारभर गठ्ठे मोजले. लपवलेली त्रेसष्ट. धाकटीकडून परत आणलेली तिची अठ्ठावीस बाजूला काढली. ती तिची, ती कुणाला दाखवायची नाहीत. उरली पस्तीस. बहात्तर आणि पस्तीस, एकशे सात. दोनदा मोजली, तिसऱ्यांदाही मोजली.

तिच्या पत्रांची गरजच नव्हती. लोकांनी आपणहून मागितलं होतं. आड आले ती मी.

रविवार, २४ मार्च

साहेबांना लिहिलेल्या पत्राची ही नक्कल. मूळ पत्र पाकिटात, पस्तीस पत्रांसोबत. उद्या सकाळी स्वतः नेऊन देईन.

‘साहेब, थोरलीचं काम करणारी माझी सख्खी धाकटी बहीण. तिचं काम जाऊ नये म्हणून मोजणीत मी खोटेपणा केला. सोबतची पत्रं मी दाबली होती. ती धरून एकशे सात होतात. तिला यातलं काही माहीत नाही. माझी खुर्ची रिकामी करून ठेवली आहे. नियम तुमचाच आहे, तो पाळा. चौदाव्या भागात थोरलीला मारा. फक्त एक विनंती — मरताना तिला बोलायला लावू नका, नुसतं बघू द्या. बघणं तिला फार छान येतं. काय ठरलं ते लवकर लिहा. पत्ता माझा नको, तिचा घाला.’