सूरजरावांची मूठ

सणसर, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आबांस,
अनिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगवत नाही, म्हणून दुधाच्या गाडीबरोबर पत्र पाठवतेय. उसाच्या ट्रॉलीवरून पडून ह्यांच्या डोक्याला मार बसला त्याला वर्ष होत आलं, बोलणं अजून आलं नाही. काल थोरले दीर विशालदादा मुखत्यारपत्र घेऊन आले. शेतीचे सगळे अधिकार त्यांना, ह्यांनी नुसता अंगठा द्यायचा. दादा वाईट नाहीत हो, ऊसतोड तोंडावर आलीय आणि कारखान्यात उसाची नोंद ह्यांच्या नावावर. पण शाई लावायला हात धरला, तर ह्यांनी अंगठा आत घेऊन मूठ गच्च आवळली. दादा म्हणाले, हात आखडलाय, तू बायको आहेस, तूच उघड. मी उघडली नाही. तेव्हापासून घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. चुकलं का माझं?

माया पातळ होऊ देऊ नका,
अनिता

वरकुटे, १४ ऑक्टोबर

चि. सौ. अनितास,
अनेक आशीर्वाद.

अजिबात चुकलं न्हाय. तुझ्या हट्टीपणाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला बघ! इंदापूरच्या वकीलबाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, माणसाला कागदातलं कळतंय का ते न बघता हात धरून अंगठा उठवला, तर तो कागद कोर्टात टिकत न्हाय. खरंच कळत नसंल तर कोर्टाकडनं पालक नेमून घ्यायचा. पण आधी बारामतीला डॉक्टरांकडनं त्यांना तपासून घे. सूरजरावांना कुणी काय विचारलंच न्हाय, हे मला लई लागलं. त्यांच्या उशाशी बसून आपण त्यांच्याबद्दलच बोलतो. मीबी बोललोय. विशालरावांनाबी संगं ने, वैर धरू नको. आईनं चटणी दिलीय.

तुझ्या पाठीशी हायेच,
आबा

सणसर, २ नोव्हेंबर

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

बारामतीच्या डॉक्टरबाईंनी ह्यांना सावकाश विचारलं. हो असेल तर अंगठा वर, नाही तर मूठ. आईचं नाव, गाव, ऊस कुठल्या रानात, एकही चुकलं नाही. मग विचारलं, यंदाची तोड दादांनी बघायची का. अंगठा वर. सगळे अधिकार द्यायचे का. मूठ. दादा बाहेर जाऊन रडून आले.

मी तर हवेतच. बाई म्हणाल्या, इथं उपचार केंद्रात राहिले तर बोलणं येण्याची आशा आहे. मी लगेच हो म्हणून टाकलं. पिशवीतले कपडे काढायला लागले, तर ह्यांची मूठ! असा राग आला, आबा! ज्या मुठीसाठी घरादाराशी भांडले, ती आता मलाच? मी हात धरला आणि बोटं उघडायला लागले. दादा नुसते माझ्याकडं बघत राहिले. मी हात सोडला. कपडे परत पिशवीत भरले.

आता घरीच आहोत. शिकवलेला व्यायाम सकाळी दादा घेतात, संध्याकाळी मी. केंद्रात जायचं का, हे मी रोज विचारते. आजही मूठच आली. येऊ दे. उद्या पुन्हा विचारीन.

तुमचीच हट्टी,
अनिता