ओळख देवीची, पटकीची नाही

प्रिय बाई,

आज सकाळी गावानं देवीची पाठवणी केली. दहीभात घेऊन बाया शिवेपर्यंत गेल्या आणि तुझी लेक सखू त्यांच्यापुढे उड्या मारत होती. अंगावर एक फोड नाही, तोंडावर एक वण नाही! हे तुला नाही तर कुणाला सांगू?

लहानपणी तुला देवी आल्या आणि तोंडभर वण ठेवून गेल्या. तेव्हापासून माहेरी काय, सासरी काय, कुणाकडे देवी आली की उशाशी तूच! देवी येऊन गेलेल्या माणसानंच बसायचं, ही आपली रीत. मी, तुझा धाकटा भाऊ, घाबरलो की हसायचीस, "देवीची अन् मायी ओयख हाय. थे मले काय करते?" आणि खरंच, तुला पुन्हा कधी काही झालं नाही.

पण बाई, तोच न्याय तू पटकीलाही लावलास! विलायतेला आपला कापूस हवाहवासा झाला, अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागली, आणि गाडीवानांच्या तळावर जुलाब-उलट्यांची पटकी शिरली. "मले लग्नाआधी होऊन गेली," म्हणत तू त्यांना पाणी पाजायला बसलीस. काहून गं? देवीची याद अंग जन्मभर ठेवतं. पटकीची मात्र काही वर्षांत विसरतं, पालथ्या घड्यावर पाणी! ती दुसऱ्यांदा आली आणि संध्याकाळच्या आत तुला घेऊन गेली. मला अजून तुझा राग येतो.

भाऊजी गाड्यांवर असतात, म्हणून सखूसाठी मी तुझ्या सासरीच राहिलो. पुढच्या हिवाळ्यात देवी टोचणारा आला. सोबत एक पोर, त्याच्या दंडावर पिकलेला फोड. त्यातली लस सखूच्या दंडात घालायची होती. तुझी सासू दारात आडवी!

"देवीले सुई टोचून बलावते का कोनी?"

"मावशी, हे गाईची धाकटी देवी हाय. इची ओयख झाली का थोरली आंगाले लागत नाही."

"अन् पटकी? तिची बी ओयख होती ना तुह्या बहिनीले!"

 मग तिच्याच तोंडावरचे वण दिसले. म्हटलं, "पटकी दोनदा झालेले लोक आपुन पायले. वण असलेल्या मानसाले पुन्हा देवी आलेली तुमी पायली का?"

 म्हातारीनंच सखूचा दंड पुढे धरला. "टोच. पन देवी हाय तवर घरात फोडनी होनार नाही!"

एवढ्याशा फोडासाठी दाराला कडुलिंब, आणि आम्ही आठवडाभर बिनफोडणीचं वरण खाल्लं! पण फोड पिकला, आणि सखूच्याच दंडावरून गल्लीतल्या पोरांना लस मिळाली.

यंदा थोरली देवी आली. टोचलेलं एकही पोर आजारी पडलं नाही. शेजारची गोदी तेवढी पडली, टोचणाऱ्याला पाहून तिच्या बापानं दार लावून घेतलं होतं. तिच्याजवळ बसायला देवीची ओळख असलेलं माणूस हवं होतं. म्हातारीला स्वतःला बसता आलं असतं, पण तिनं सखूच्या हाती कडुलिंबाची डहाळी दिली.

"बस तुह्या मायच्या जागी."

बसली गं! गोदीही वाचली. जिंकलो आपण, बाई!

आता वचन देतो. दर हिवाळ्यात टोचणाऱ्याला मी घरोघर नेईन, गोदीच्या बापाकडे सगळ्यात आधी. आणि पटकीचं नाव निघालं, सखू तुझ्यासारखी उठली, तर तिचा हात धरून ठेवीन. तुझा धरता आला नाही. तिचा सोडणार नाही.

तुझा धाकटा,
नामदेव