वज्रबाहूला फीट

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. आठवड्याचा संकल्प एकच: वज्रबाहूसाठी सर्वोत्तम फीट निवडणे.

पुढे मलाच उपयोगी पडेल म्हणून नोंद: दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आम्ही तो राक्षस-चेटक्यांचा खेळ खेळतो. मुलगी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट ती सांगते, राक्षसही तीच होते. बाकीच्यांना एकेक पात्र. मी वज्रबाहू, कुऱ्हाडवाला योद्धा. बायको रानोमाळ भटकणारी गाणारीण. शेजारचे दातांचे डॉक्टर चोर. काल आम्ही तिघंही चौथ्या लेव्हलला पोचलो, म्हणून प्रत्येकाला एक फीट मिळणार. फीट म्हणजे पात्राचं खास कसब. खेळाच्या पुस्तकात पानंच्या पानं भरलीत. घ्यायचा मात्र एकच.

मुलीला विचारलं, कुठला घेऊ. म्हणाली, बाबा, वज्रबाहू माणूस कसा आहे त्याचा विचार करा, आपोआप सुचेल. हे काही उत्तर नव्हे. तिचं लक्षच नाही. पुढच्या सोमवारी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चालली आहे, त्यामुळे घरभर बॅगा. एका बॅगेचं चाक निखळलंय, ते बसवून द्या म्हणाली. उद्या नक्की.

४ मार्च
चाक राहिलं. सबळ कारण आहे: मूल्यमापनाची पद्धत ठरवली. इतकी वर्षं लिफ्ट तपासतोय. जी पद्धत माणसं वर-खाली नेणाऱ्या पेटीला चालते, ती फीटला चालायला हरकत नाही. शेरे तीन: ‘पास’, ‘दुरुस्तीनंतर पास’, ‘वापर बंद’. भावनेला जागा नाही.

दुपारी एका ऑफिसच्या इमारतीत, गच्चीवरच्या मशीन रूममध्ये बसून ‘ढालीआड’ या फीटचं गणित केलं. टेक्निशियनने विचारलं, साहेब, ब्रेक ठीक आहे ना. मी म्हणालो, एक मिनिट, वज्रबाहूच्या फीटचं बघतोय. तो धावत खाली गेला आणि कँटीनमधून कांदा घेऊन आला. कुणाला हुंगवायचा म्हणाला. घामाघूम झाला होता. लिफ्ट मीच बंद ठेवली होती, त्यामुळे जिन्याने गेला-आला.

५ मार्च
बायकोने फीट निवडला. भांडी पुसता पुसता. नाव ‘गोड जीभ’. शत्रूशी बोलून त्याचं मन वळवता येतं, तेही त्याने ऐकून घ्यायचं ठरवलं तर! मी त्यावर आधीच ‘वापर बंद’ मारलेला. तसं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही मारलात म्हणजे झालंच. याला मी संमती समजतो.

डॉक्टरांनी ‘हलका हात’ घेतला. म्हणाले, धंद्याला शोभतो. भावनिक निर्णय. वर मलाच विचारतात, मुलगी गेल्यावर काय करणार तुम्ही. मी म्हणालो, पाचव्या लेव्हलची तयारी.

७ मार्च, शुक्रवार
निकाल लागला! ‘घावावर घाव’. पहिला घाव बसला की लगेच दुसरा फुकट. बाकी सगळे याच्यापुढे पाणी कम. खात्री म्हणून चहा होईपर्यंत फासा टाकत बसलो. फासा कपाटाखाली गेला. काढायला ओणवा झालो तर कंबर धरली. चाकाचं काम वैद्यकीय कारणास्तव पुढे.

कंबरेला मलम लावताना मुलीने विचारलं, वज्रबाहूला घरी कोण कोण आहे. मी म्हणालो, कोणी नाही, कुटुंबाला गुण मिळत नाहीत. ती उठून गेली. ट्यूबचं झाकण नीट लावलं नव्हतं. हल्ली तिचं असंच.

८ मार्च
चाक बायकोने बसवून आणलं. मी तपासलं. पास.

९ मार्च, रविवार
मुलगी समोर असतानाचा शेवटचा डाव. सकाळपासून फॉर्मात होतो.

डोंगरदरीत एकच पूल. त्यावर एक अगडबंब राक्षस आडवा बसलेला. कुणालाच जाऊ देत नाही. मुलीने त्याचा आवाज फारच जड काढला. राक्षस म्हणाला, उद्या माझी पोर डोंगर सोडून चालली आहे, पूलच अडवला तर जाईल कशी? मग त्याने वज्रबाहूला विचारलं, तुला पोरंबाळं आहेत का रे. मुलगी माझ्याकडे बघत थांबली. बायको आणि डॉक्टरही थांबले.

मी म्हणालो, मी पहिला घाव घालतो.

फासा टाकला. एक आला. वीस बाजूंचा फासा, आणि एक! कुऱ्हाड पुलाच्या फळीत रुतली. पहिला घाव नाही तर दुसराही नाही, नियम स्पष्ट आहे. उरलेला सगळा वेळ वज्रबाहू कुऱ्हाड ओढत होता. डॉक्टरांचा चोर मदतीला आला. हलका हात. उपयोग शून्य.

तेवढ्यात बायकोची गाणारीण जाऊन राक्षसाशेजारी बसली. त्याला म्हणाली, अहो, पूल अडवलात तर पोर थांबेलही, पण तुमच्याशी बोलणार नाही. त्यापेक्षा तिचं गाठोडं उचलून पलीकडे नेऊन द्या. राक्षस म्हणाला, मला तिच्याशी बोलता येत नाही, नुसतं अडवता येतं. बायको म्हणाली, मग बोलू नका, सोबत चाला.

राक्षस उठला. फासासुद्धा कोणी टाकला नाही! मी आक्षेप नोंदवला. मुलगी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली, ती लवकर आलीच नाही. डॉक्टर चष्मा पुसत बसले. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. माळ्यावरून बॅगा काढल्या की धूळ उडतेच.

‘गोड जीभ’चा शेरा कायम. एका डावावरून निष्कर्ष काढत नसतात.

१० मार्च
मुलीला बसवर सोडायला गेलो. जाताना तिच्याशी चार शब्द बोलायचं ठरवलं होतं. मनात नीट जुळवून ठेवले होते. बस लागली, ती पाया पडली, आणि माझ्या तोंडून निघालं, फीट बदलता येतो का? ती म्हणाली, येतो बाबा, एकदा. विचार करून कळवतो, असं मी हातानेच खुणावलं.

बस सुटल्यावर बायको म्हणाली, मोजून चारच शब्द बोललात.

१६ मार्च, रविवार
आजपासून गेम मास्टर मी. नियमशुद्ध डाव चालवणार. मुलीच्या डावात फार ढिलाई होती.

डॉक्टर वेळेवर आले. आधी नियम समजावले. चहा होऊन गेला तरी नियमच चालू होते. मग डॉक्टर म्हणाले, एका पेशंटची दाढ ठणकतेय, निघतो. त्यांचा फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. बायको वाळलेले कपडे काढायला गेली. टेबलावर राक्षस तेवढा उरला. म्हणजे मीच.

संध्याकाळी मुलीचा फोन. बायको पोटभर बोलली, मग माझ्या हातात दिला. मुलीने विचारलं, बाबा, घरी कसं वाटतंय. मी म्हणालो, सगळं ठीक आहे, लिफ्टसुद्धा व्यवस्थित चालू आहे.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

एका आठवड्यात ती हे विसरली असावी. कारण लगेच विचारलं, हो का, कितव्या मजल्यापर्यंत जाते? आता तिला कशाला ओशाळं करा, म्हणून तपासणी कशी केली ते सांगत बसलो. दोर, ब्रेक, दरवाजे, सगळं. ती मधूनमधून मग, मग, म्हणत होती. शेवटी फोनची बॅटरी संपली.